धायटीचा कोपरा

९ जुलै

अंगणवाडीत होती तोवर जन्मभर शुद्ध भाषेत अहवाल लिहिले. "बालकांनी आहार आनंदाने ग्रहण केला." कोण ग्रहण करते? पोट्टे खिचडी खात, अन् अर्धी अंगावर सांडत. आता रिटायर झाली. हात मोकळा आहे, म्हणजे उजवा मोकळा आहे, डावा प्लास्टरात आहे. तं ह्या वहीत मी माह्या बोलीत लिहीन. कोणाले वाचाले द्याची नाही, मंग भेव कोणाचं?

हाताचं असं झालं की अंगणातल्या काळ्या मातीत पाय सटकला. लय काही नाही, मनगट मोडलं. आमच्या शेलूबाजारची माती पावसात कशी होते हे ज्याले माहीत त्याले माहीत. चपलीले सोडत नाही अन् माणसाले धरत नाही.

अन् नेमकं आताच घरात गट्टूचं खूळ शिरलं. पोरगा संघपाल अन् सून रूपा, दोघांचं रोज तेच. फाटकापासून ओट्यापर्यंत सिमेंटचे गट्टू बसवाचे, सगळं अंगण झाकाचं. मी इथं हात गळ्यात बांधून बसली, अन् यायले अंगण सजवाचं सुचते! गाडी घ्याची असंन, दुसरं काय. मोटरसायकलवर भागत नसंन आता साहेबाचं. मंगरुळपीरच्या शाळेत क्लार्क आहे, पण ऐट पाहा तहसीलदाराची.

मी म्हणलं, "सगळं अंगण झाकू देणार नाही. फाटकाजवळचा कोपरा माहा."

"काय करशीन कोपऱ्याचं?" संघपाल म्हणे.

"धायटी लावीन."

रूपा अकोल्याची. तिनं धायटीचं नाव ऐकलं नव्हतं. सांगतलं तिले, डोंगरावरचं झुडूप असते, लांब झुकलेल्या फांद्या, अन् थंडी सरता सरता फांदीभर लाल फुलं, बारक्या नळीएवढाली. फूल तोडून मागून चोखलं की मध. तं म्हणे, "आई, त्याच्यापेक्षा पामचं झाड लावा ना, शो येते." म्हणलं, "पाम तुह्या माहेरी लाव." आत निघून गेली बिचारी. जास्त बोलली मी, पण बोलली तं बोलली.

मंग संघपालनं अट घातली. गट्टू पावसाळ्यात बसत नाहीत, माती फुगते. ती उन्हानं दबली की मार्चात मदनसिंग मिस्त्री येणार. तोवर झाडाले फूल आलं तं कोपरा माहा. नाही आलं तं भिंतीपासून भिंतीपर्यंत गट्टू, अन् मी तोंड उघडाचं नाही.

"मंजूर," मी म्हणलं. "शब्द म्हणजे शब्द."

१४ जुलै

ग्यानबा आला. माहा मावसभाऊ, माहेरचा. मालेगावकडच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचं वावर आहे. जंगलातलं काही उपटू नको असं बजावलं होतं, तं त्यानं आपल्याच धुऱ्यावरचे, म्हणजे वावराच्या बांधावरचे, दोन ठोंब मुळासकट खोदले, पोत्यात बांधले, अन् जीपच्या टपावर टाकून आणले. जीपवाला मले म्हणे, "आजी, एवढं जळतण कायले आणलं?" म्हणलं, "जळतण तुह्या घरी. हे माहं झाड आहे."

लावाले मी काही कमी केलं नाही. खड्डे ग्यानबानं केले, हुकूम माहा. शेजारच्या जगदेवभाऊच्या वावरातली काळीशार माती आणली, ज्या मातीत कापसाची पऱ्हाटी छातीएवढी होते. कुजलेलं शेणखत घमेल्यानं टाकलं. वरून बादलीभर पाणी. डोंगरावर दगडात उपाशी राहिली, आता खाऊ दे पोटभर.

लावता लावता माय आठवली. माही माय ही फुलं तोडाले जाय. उन्हात डोंगर चढे, पदराची खोय भरे, अन् खाली येऊन व्यापाऱ्याच्या पोत्यात रिकामी करे. औषधवाल्यायले लागत, रंगवाल्यायले लागत. मी तिच्या मागं मागं. ती तोडे अन् मी चोखून फेकू, की बसला पाठीत धपाटा. आमचं घर गावाच्या कडेले. दार उघडलं की लोकाचं वावर. अंगण म्हणून पाय ठेवाले जागा नाही. सगळं आयुष्य तिनं ती फुलं दुसऱ्याच्या पोत्यात भरली.

म्हणून मले ही धायटी माह्या दारात पाह्यजे. फुलू दे भरभरून, अन् एक फूल कोणी तोडाचं नाही. झाडावर वाळतीन, झाडाखाली गळतीन. कोणाच्या पोत्यात जाणार नाहीत. एवढीच हौस आहे, अन् ह्याच्यात कोणाच्या बापाचं काय जाते?

२ ऑगस्ट

प्लास्टर निघालं. हात वाळक्या शेंगेसारखा झाला, पण आपला आहे.

दोन्ही ठोंबांले पालवी. सोजरबाई भिंतीवरून डोकावली. सोजरबाई म्हणजे जगदेवभाऊची बायको. तिच्या सासऱ्याच्या वावरात माही सासू निंदाले जाय, तं सोजरबाईले अजून वाटते मले चार गोष्टी शिकवाचा तिचा हक्क आहे.

"काय वं बेबे, दारात रानटी झुडूप लावते काय कोनी? सापाचं घर होईन थे."

"आला साप तं तुह्या घरी पाठवून देईन, शेजार आहे आपला."

"पाठव, पाठव. आमच्या बुढ्याले ऐकू येत नाई, त्याले साप काय अन् मांजर काय."

मले हसू आलं, पण दाखवलं नाही.

१९ ऑगस्ट

एक मेली.

काल पानं लोंबत होती. मले वाटलं तहान लागली. टाकलं पाणी. आज सकाळी आडवी. उपटली तं हातात आली, मूळ काळं पडलेलं अन् घाण वास. दुसरीची बी पानं पिवळी दिसून राह्यली.

रूपा म्हणे, "जाऊ द्या आई, आपण नर्सरीतून दुसरं आणू." आपण दुसरं आणू! दुकानातली चप्पल आहे काय? मी ओट्यावर बसून राह्यली, जेवली बी नाही.

मंग बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला. धुऱ्यावर ती उभी होती कुठं? मुरुमात. दगडात. खाली उतार, पाणी आलं की गेलं. अन् मी तिले कापसाची माती खाऊ घातली, शेण खाऊ घातलं, पाण्यात उभी केली. आमच्या लोकायचं असंच आहे. काळी माती म्हणजे सोनं, मुरूम म्हणजे भिकार. पाहुणा आला की ताटात वाढतच जाचं, तो नको म्हणे तोवर नाही, तो उठून पळे तोवर. मीच मारली तिले. लाड करून करून मारली.

२० ऑगस्ट

सकाळीच मजूर लावून कोपऱ्यातली सगळी काळी माती काढली. रोडच्या कामावरून उरलेला मुरूम नाक्यावर पडला होता, तो विचारून आणला. खाली गोटे, वर मुरूम, अंगणापेक्षा हातभर उंच ओटा केला अन् त्याच्यावर उरलेली धायटी बसवली. शेण नाही, खत नाही, काही नाही.

संघपाल ऑफिसातून आला अन् पाहतच राह्यला. "माय, लोक मुरूम काढून माती टाकतात. तू माती काढून मुरूम टाकून राह्यली?"

"तुले काय करायचं आहे? गट्टूवाल्यानं आपलं गट्टूचं पाहावं."

तो बूट काढता काढता म्हणे, "अन् पाणी किती लागते इले?"

"लागते तेवढं लागते," मी म्हणलं. कायले चौकशा करते कोण जाणे. मेली कवा याचीच वाट पाहत असंन.

१४ ऑक्टोबर

दीक्षाभूमीहून आलो. आमी विहारातल्या बाया, रूपा, सगळ्या. संघपाल आला नाही, शाळेत ऑडिट आहे म्हणे. दरवर्षी जाणारा पोरगा, अन् ह्या वर्षीच ऑडिट निघालं.

मनाले सारखी धायटीची काळजी. तिकडं ऊन पडलं होतं, म्हणलं इकडं जीव घेतला असंन उन्हानं. पण नाही. घरी येऊन पाहते तं पानं टवटवीत, मुरूम ओला. संघपालले विचारलं तं म्हणे, "हो, पडला ना थोडा पाऊस." चला, निसर्गच माह्या बाजूनं आहे.

सोजरबाई म्हणे, "आमच्याकडं तं टिपूस नाई पडला." तिच्याकडं कायचा पडंन? तिच्या भिंतीपलीकडं पाऊस बी विचारून येत असंन.

२५ नोव्हेंबर

आजपासून पाणी बंद. ग्यानबाले फोन केला होता, त्याचंच म्हणणं, डोंगरावर दिवाळीनंतर धायटीले कोण पाणी पाजते? तहान लागली की ती पानं टाकते अन् मंग फूल धरते. भर पाण्यात राह्यली तं नुसती हिरवी माजते.

घरात मी हे काही सांगतलं नाही. सांगतलं की हसतात. मुरूम टाकला तवा हसले, आता उपाशी ठेवते म्हणलं तं लोळून हसतीन. फूल आलं की मंग सांगीन एकदमच.

संध्याकाळी संघपालनं विचारलं, "माय, झाडाले पाणी टाकलं का आज?"

"टाकलं, टाकलं."

"नक्की टाकलं? मुरूम कोरडा दिसते."

"माह्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटते का तुले?" तो नुसता रूपाकडं पाहत राह्यला. ते दोघं असे एकमेकायकडं पाहतात ना, तवा मले राग येते.

१८ डिसेंबर

थंडी मस्त पडली. मी पहाटे विहारात वंदनेले जाते तवा कानाले रुमाल बांधावा लागते.

अलीकडं संघपाल बी लवकर उठाले लागला. आठ वाजता ओढून काढावा लागे, तो पोरगा मी विहारातून येते तं अंघोळ करून, केस ओले, ओट्यावर चहा पीत बसलेला. पँटीचे पाय भिजलेले. म्हणलं काय रे, तं म्हणे झोप लागत नाही. मले वाटते याले शुगर निघंन. त्याच्या बापाले बी अशीच पहाटे जाग येत होती. रूपाले म्हणलं, एकदा रक्त तपासून घे त्याचं.

ती पदरात तोंड लपवून हसली. नवऱ्याच्या तब्येतीवर हसणारी सून पहिल्यांदा पाह्यली.

२२ जानेवारी

माहेरी जाऊन आली. ग्यानबाच्या नातवाचं नामकरण होतं. जेवण झाल्यावर मी सरळ धुऱ्यावर गेली. माय गं! झुडपायवर पान म्हणून नाही, अन् फांदीफांदीले लाल कळ्या धरलेल्या. काही तं फुलल्या बी. कोणी पाहत नाही असं पाहून एक चोखली. तीच चव. ह्या वयात धुऱ्यावर उभी राहून फूल चोखते अन् डोये पुसते. म्हातारपण काय येते माणसाले!

घरी आली अन् माह्या धायटीकडं पाह्यलं तं हिरवीगार. नवरीसारखी नटलेली, नुसती पानं पानं. एक कळी नाही. पाणी दोन महिने बंद, तरी ही एवढी हिरवी कशी? मुरुमात बोट घातलं तं ओल लागली.

पाऊस नाही. दव नाही एवढं. मंग पाणी आलं कुठून?

६ फेब्रुवारी

सापडलं. सोजरबाईची न्हाणी आमच्या भिंतीले लागून आहे. तिचा पाइप फुटला असंन, नाही तं तिनं मुद्दाम इकडं काढला असंन. पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यात खुपते माही धायटी.

सरळ गेली अन् फाटकातूनच आवाज दिला. "सोजरे, बाहेर ये! न्हाणीचं पाणी माह्या झाडात सोडते, लाज नाही वाटत?"

"कोनी सोडलं वं? माही न्हानी तिकडच्या अंगाले उतरते, डोये फुटले काय तुहे?"

"मंग मुरूम ओला कसा राहते?"

"मले काय इचारते? आपल्या घरात इचार!"

"माह्या घरात कोण टाकंन? ते तं झाड मेलं पाह्यजे म्हणून टपून बसले आहेत!"

गल्ली जमली. सोजरबाईनं कमरेले पदर खोचला, मी बी खोचला. एकमेकीच्या सात पिढ्या काढल्या. जगदेवभाऊ आतून आले अन् म्हणतात, "काय झालं, गॅस आला काय?" लोक हसाले लागले, तवा कुठं आमी दोघी थांबलो. शेवटी ती म्हणे, "मले माईत हाय पानी कोन टाकते. पन सांगनार नाई. बस बोंबलत!"

पाहा, कबूलच केलं तिनं एक प्रकारे.

१५ फेब्रुवारी

आज जे पाह्यलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी विहारात गेली तं कुलूप. किल्ली लिलाबाईकडं राहते, अन् लिलाबाई लेकीकडं रिठदले गेली, सांगाले विसरली. मी परत फिरली. फाटकाजवळ आली तं आतून आवाज. कोणीतरी बोलून राह्यलं.

भिंतीच्या फटीतून पाह्यलं. संघपाल. पँट गुडघ्यापर्यंत मोडलेली, हातात बादली अन् मग. एक एक मग हळूच बुडाशी सोडे, माणूस तापातल्या लेकराले चमच्यानं पाणी पाजते तसा. अन् झाडाशी बोले.

"काढ ना बाप्पा एक फूल. जास्त नको, एक काढ. बुढी पाणी टाकाले विसरते अन् वरून टाकलं म्हणते. म्हणून मी टाकतो ना तुले रोज? मंग? मी तोंडानं अट घालून बसलो, आता मदनसिंगले कुठवर टाळू? आजीची फुलं आहेत हे. माय बोलत नाही, पण मले माहीत आहे. काढ एक."

मी भिंतीले टेकून उभी राह्यली. रडू आलं, खरंच आलं, अन् आवाज न करता रडाची मले सवय नाही, म्हणून तोंडात पदर कोंबला. मंग मागं वळून चौकापर्यंत गेली, थोड्या वेळानं खोकत खोकत, चपला वाजवत आली. तो ओट्यावर चहा पीत बसला होता. केस ओले.

"शुगर तपासली का रे?" मी विचारलं.

"तपासतो, माय."

आता मी काय करू? सांगतलं की लेका पाणी थांबव, तं अजून दिवस आहेत, कडक ऊन लागलं तं कळी धरंन बी. नाही सांगतलं तं कोपरा गेला. साधी गोष्ट आहे. पण सांगाचं म्हणजे हे सांगाचं की थंडीत पहाटे उठून तू जे केलं ते सगळं उलटं केलं. तू माही फुलं अडवली. एवढी जिभेची मी तिखट, सगळ्या गल्लीले माहीत, अन् दिवसभरात दहा वेळा त्याच्यासमोर तोंड उघडून बंद केलं. पहिली धायटी मी तशीच तं मारली होती. मले कोणी म्हणलं असतं तवा, तं मी ऐकलं असतं काय?

१६ फेब्रुवारी

सोजरबाईकडं गेली. माफी मागाची मले येत नाही, म्हणून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घेऊन गेली. तिनं डब्बा घेतला, उघडून पाह्यला, म्हणे, "जिरं कमी हाय."

"माहीत होतं तं बोलली काहून नाहीस त्या दिवशी?"

"कशी बोलू? पोट्टं रोज सकायी बादली घेऊन उभं राहे. मले हात जोडले त्यानं, काकू मायले सांगजो नोको. अन् खरं सांगू काय बेबे, तू आली भांडाले तं मले बरं वाटलं. पोरं दोन्ही पुन्याले. बुढ्याले आयकू येत नाई. लय दिवस झाले, कोनी माह्याशी एवढं मन लावून भांडलं नोतं."

आमी चहा पिला. जगदेवभाऊ म्हणतात, "गॅस आला?"

३ मार्च

बादली लपवली. तो हंडा घेऊन उभा राह्यला. हंडा लपवला तं रूपा म्हणे आई हंडा कुठं, पाणी भरायचं आहे. रात्री नळाचा कॉक बंद केला, तं सकाळी सगळं घर बिनअंघोळीचं अन् बोलणी मलेच.

वंदनेले जाणं बंद करून पाहू काय असं बी मनात आलं. पण माह्यासमोर त्याले ती बादली उचलता येणार नाही, अन् दिवसभर उदास बसंन. जाऊ दे. पाज बापू. पाज.

१५ मार्च

धायटी हिरवीगार. कळी नाही.

शब्द म्हणजे शब्द. मी रडणार नाही अन् मागं हटणार बी नाही. ज्या दिवशी मदनसिंग येईन त्या दिवशी मी समोर खुर्ची टाकून बसीन अन् पाहीन. तोंड फिरवणार नाही. बेबी पडघान हरली तं उभ्या गल्लीदेखत ताठ मानेनं हरंन.

२३ मार्च

मदनसिंग सकाळीच गट्टूची ट्रॉली घेऊन आला. मी खुर्ची काढली, कोपऱ्यासमोर टाकली, बसली. सोजरबाई भिंतीवरून पाहत. पोरायनं दोऱ्या बांधल्या, माती ठोकून दाबली, फाटकापासून गट्टू बसवत बसवत कोपऱ्यापर्यंत आले. मदनसिंगनं कुदळ घेतली.

"बाई, हे झुडूप काढू ना?"

मी मोठ्यानं म्हणलं, "काढ. शब्द दिला आहे मी."

"नाही काढाचं!"

संघपाल. बनियनवर, तोंडाले दाढीचा फेस, हातात वस्तरा. मदनसिंग दोन पाय मागं सरकला.

"साहेब, तुमीच तं बोलले, भिंतीपासून भिंतीपर्यंत."

"बोललो. आता नाही बोलत."

मी उठली. "मले कोणाची भीक नको. फूल आलं नाही, अट मी हरली. काढ रे मदनसिंग."

"अट माही होती, माय. मी मोडतो. तुले काय करायचं ते कर!"

असा आवाज त्यानं जन्मात चढवला नव्हता माह्यावर. मी तयारच होती उत्तर द्याले, तेवढ्यात रूपा बाहेर आली, कणकेचे हात तसेच. नवऱ्यालेच बोलली. "गट्टू पाहिजे होते फाटकापासून ओट्यापर्यंत, आई परत चिखलात पडू नये म्हणून. कोपऱ्यात कोण चालते? भिंतीपासून भिंतीपर्यंत कोणी काढलं होतं? ह्या माणसानं. आईसोबत बोलाले लागले की यायचा बी तोल जाते, अन् मंग आठ महिने झाडाच्या पाया पडत फिरतात."

मी रूपाले विचारलं, "म्हणजे गाडीसाठी नाही?"

"कोणती गाडी आई?"

ज्या गाडीवर मी पावसाळ्यापासून दात खात होती, ती गाडी कोणाच्या डोक्यातच नव्हती. माह्या मोडक्या मनगटासाठी होतं सगळं. मी रूपाले म्हणलं, "मी पडली नव्हती, माती सरकली होती." ती म्हणे, "हो आई, माती सरकली होती." अन् माहा डावा हात धरून खुर्चीवर बसवलं. कणीक लागली हाताले. मी पुसली नाही.

मदनसिंगनं कोपरा सोडून कडेनं विटांची ओळ लावली. सोजरबाईनं भिंतीवरून हुकूम सोडला, "वाकडी लावून राह्यला थो, सरयी कर!"

संध्याकाळी माणसं गेल्यावर संघपाल आतून बादली भरून घेऊन आला. आता लपवाचं कारण नव्हतं, तं उजळ माथ्यानं, गट्टूवर पाणी हिंदकळत, सरळ धायटीकडं निघाला.

"ठेव ते खाली," मी म्हणलं.

"काहून?"

"तुह्याच पाण्यानं फूल अडलं. दिवाळीनंतर इले पाणी नको असते. तहान लागली तवाच ती फुलते. मी बंद केलं होतं, विसरली नव्हती."

बादली त्यानं ठेवली. वाकून मुरुमात बोट घालून पाह्यलं. "म्हणजे मीच?"

"तूच."

"अन् तुले माहीत होतं?"

"विहाराले कुलूप होतं एक दिवस."

"पाह्यलं, तरी गप राह्यली? तू?"

"राह्यली. तू आजीचं नाव घेतलं ना. मंग तुहं ते पाणी तोडता नाही आलं मले."

तो गट्टूवरच खाली बसला, माह्या पायाशी, लहानपणी बसे तसा. कान लाल झालेले. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं फिरवू दिला.

"मंग आता?" म्हणे.

"आता हात बांधून बस. पुढच्या थंडीत फुलंन."

"अन् नाही फुलली तं?"

"तं त्याच्या पुढच्या. मी कुठं चालली?"